जेलीफिन अडखळते, ते फुकट आहे म्हणून नव्हे
लिनक्सवर घरचा मीडिया सर्व्हर (आपले चित्रपट टीव्हीपर्यंत पोहोचवणारा संगणक) उभारायचा, तर ग्राफिक्स चिपच्या मदतीने होणाऱ्या ट्रान्सकोडिंगसाठी, म्हणजे व्हिडिओ टीव्हीला चालेल अशा स्वरूपात बदलण्यासाठी, पैसे मोजावेच लागतात, हा समज बरीच वर्षे टिकून आहे. प्लेक्स आणि एम्बी या मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअरांपुरता तो खरा आहे; तेथे ही सोय सशुल्क सदस्यत्वातच मिळते. परंतु एम्बीने आपला सोर्स कोड बंद केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये त्यातून फुटून निघालेल्या जेलीफिनमध्ये ती विनामूल्य आहे.

मग जेलीफिनवर व्हिडिओ अडखळतो कशाने? ही सोय मुळात बंद असते आणि डॅशबोर्डमधून आपणच सुरू करावी लागते. तोवर सगळा भार सीपीयूवर पडतो. सुरू केल्यावरही ‘जेलीफिन’ हा युजर ‘रेंडर’ ग्रुपमध्ये नसेल, तर चिप हाताळण्याची परवानगी नसल्याने व्हिडिओ चालतच नाही, आणि दोष मात्र सॉफ्टवेअरच्या फुकटेपणावर जातो!

शिवाय फाइलचा कोडेक (व्हिडिओ साठवण्याची पद्धत) टीव्हीला थेट चालत असेल, तर ट्रान्सकोडिंगची गरजच उरत नाही आणि जुना लॅपटॉपही पुरतो. अपवाद ब्लू-रेवरील चित्ररूप सबटायटलांचा: ती टीव्हीच्या अॅपला स्वतंत्रपणे दाखवता येत नसतील, तर प्रत्येक फ्रेमवर उमटवण्यासाठी संपूर्ण व्हिडिओ नव्याने एन्कोड करावा लागतो. साध्या मजकुराची एसआरटी सबटायटल फाइल निवडल्यास हा खटाटोप सहसा टळतो.