छायाबाहुल्यांच्या दिव्याचा वाद

सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावचे ठाकर कलाकार, त्यांना मिळालेला सावंतवाडी संस्थानचा आश्रय, चामड्याच्या बाहुल्यांतून रंगणारे रामायण, हे सगळे वाचकांना ठाऊक आहेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हरणाचे कातडे बंद झाले, बकऱ्याच्या कातड्यावर भागू लागले. त्यावर फारसे कुणी भांडत नाही. भांडण आहे ते पडद्यावर बाहुलीची सावली पाडणाऱ्या दिव्यावरून: तेलाचा की विजेचा?

विजेने काजळी गेली, पडदा पेटण्याची धास्ती गेली. तरी जुन्या जाणत्यांना बल्बची सावली मेल्यासारखी वाटते, आणि ते केवळ गतकाळाचे कढ नव्हेत. रावणछाया या ओडिशाच्या छायानाट्यातल्या बाहुलीला सांधेच नसतात. तिच्यात जीव आणायचे निम्मे काम थरथरती ज्योत करते. तोलपावकूत्तू या केरळच्या छायानाट्यात पडद्यामागे ओळीने २१ दिवे. बाहुली कापडापासून हातभर मागे घेतली तर २१ पुसट सावल्या पडतील, म्हणून ती कापडाला टेकवूनच खेळवायची. म्हणजे परंपरा म्हणून जे जपले जाते, त्यातले बरेचसे दिव्याने लादलेले आहे.

बाहुली टेकवण्याची ही अट सैल झाली ती हॅलोजन दिव्याने. युरोपातल्या छायानाट्यवाल्यांनी १९७० च्या दशकात तो हाताशी धरला. त्याची उजळणारी तार जेमतेम काही मिलिमीटरची, त्यामुळे बाहुली पडद्यापासून दूर नेली तरी कड रेखीव राहते. दिव्यापासून बाहुली एक फुटावर आणि पडदा तीन फुटांवर असेल, तर सावली तिप्पट. मग बाहुली स्थिर ठेवून दिवाच फिरवायचा, हा खेळ सुरू झाला.

आपल्याकडे २०१५ नंतर स्वस्त एलईडी घरोघर पोचले आणि गोंधळ वाढला. दुधी एलईडी बल्बपुढे चामड्यात टोच्याने पाडलेली नक्षी विरघळते. ट्यूबलाइट तर त्याहून वाईट: पडद्यापासून लांब धरलेल्या बाहुलीच्या बारीक छिद्राची गोल टिकली न उमटता नळीसारखी लांबट रेघ उमटते. अशी सावली पाहून ‘विजेने कला मारली’ म्हणणे सोपे आहे. चूक दिव्याच्या निवडीची असते. एकच चिप असलेली, भिंग काढलेली टॉर्च घेतली की तीच नक्षी लख्ख दिसते. लाल आणि हिरव्या अशा दोन टॉर्च थोड्या अंतरावर ठेवल्या, तर एका बाहुलीच्या दोन सावल्या पडतात, एक हिरवी, एक लाल. दशमुखी रावणासाठी ही युक्ती तेलाच्या दिव्यावर साधली नसती.

केरळच्या देवळांत मात्र खेळ देवीसाठी असतो. तिथे ज्योतच लागते.