संत्रं केळीसारखं पिकत नाही

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हिरवा घड कापायचा आणि पिकवणगृहात पिकवायचा, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्यातूनच ‘संत्री-मोसंबी हिरवी उतरवा, रंग चढला की गोडी येईल’ ही समजूत आली असावी. ती चूक आहे. केळात स्टार्चचा साठा असतो, तोडणीनंतर त्याची साखर होते. संत्र्यात तसा साठाच नाही. झाडावर भरली तेवढीच साखर. इथिलीन (फळं पिकवायला वापरतात तो वायू) दिलं तर सालीचं हिरवेपण जातं, रस गोड होत नाही.

उलट बाजूही बघा. साल केशरी व्हायला थंड रात्री लागतात. उष्ण भागात आतून तयार झालेलं फळही बाहेरून हिरवट राहू शकतं. म्हणून रसाचे कारखाने रंगावर भुलत नाहीत, ब्रिक्स (ढोबळमानाने रसातली साखर) आणि आम्ल यांचं गुणोत्तर बघतात. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळ्याअखेरच्या फुलांचं पीक) साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांचं पीक) फेब्रुवारी ते एप्रिल उतरतो. पण तारीख बघून नव्हे, रस तपासून तोडा.

कोवळ्या फळाची आणखी एक खोड: ताजा रस बरा लागतो, काही तासांनी कडू होतो. हे लिमोनिन या कडू घटकाचं काम. फळ झाडावर पक्व होत जातं तसा हा कडवटपणा कमी होतो.