अरबी समुद्रातले हंपबॅक: शेपटीवरून ओळख, ओळखीवरून गणती

जगातले बहुतेक हंपबॅक देवमासे वर्षभरात हजारो किलोमीटरचा फेरा मारतात. उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात पोटभर खायचं आणि हिवाळ्यात उबदार पाण्यात येऊन वीण करायची, असा त्यांचा शिरस्ता आहे. अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र हा फेरा करत नाहीत. नैऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी ढकलून नेतात, त्याच्या जागी खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, आणि त्यावर छोट्या माशांची व कोळंबीसारख्या क्रिलची रेलचेल होते. आपल्याकडे पाऊस आणणारे वारे तिकडे देवमाशांचं ताट वाढतात. खाणं आणि वीण दोन्ही एकाच समुद्रात होत असल्यामुळे हे देवमासे बाकीच्यांपासून वेगळे पडले. जनुकीय अभ्यास सांगतो की हा दुरावा सुमारे ७०,००० वर्षांचा आहे.

ओमानच्या किनाऱ्यावर २००० नंतरच्या काही वर्षांत काढलेल्या फोटोंवरून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधला गेला: ८२. खालची मर्यादा ६०, वरची १११. २००८ पासून हा समूह जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेला आहे.

सोलापूरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्या नद्याही तिकडे जात नाहीत. सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. तरीही संख्या दोन आकड्यांवर आली की काय होतं, हे महाराष्ट्रात सोलापूरकरांइतकं जवळून फार कमी लोकांनी पाहिलं असेल. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. ज्या पक्ष्याच्या नावानं ते ओळखलं जातं, तो आज तिथे दिसणं दुर्मिळ झालंय. प्राणी इतके थोडे उरले की 'किती आहेत' एवढं विचारून भागत नाही. कोणता जिवंत आहे, कोणती मादी व्याली, कोण दोन वर्षांत दिसलं नाही, हे एकेक करून कळावं लागतं. हंपबॅकच्या बाबतीत ते कळण्याची सोय निसर्गानंच करून ठेवली आहे.

खोल बुडी मारताना हंपबॅक पाठ कमानीसारखी वाकवतो आणि शेपटीचा पंखा पाण्याबाहेर उभा करतो. पंख्याच्या खालच्या बाजूला काळ्यापांढऱ्या रंगाची जी नक्षी असते, ती प्रत्येकाची वेगळी. कोणाची शेपटी जवळजवळ पूर्ण पांढरी, कोणाची पूर्ण काळी, बाकीचे मधले. शिवाय मागच्या कडेचे दाते, मधल्या खाचेचा आकार, जुन्या जखमांचे वण. १९७० च्या दशकापासून संशोधक या फोटोंचे संग्रह करत आलेत.

फोटो मिळायला दोन-तीन सेकंद असतात. नाव देवमाशाच्या मागे, थोडी बाजूला आणि त्याच्याच वेगानं चालवावी लागते. समोरून आडवी घातली किंवा एकदम वेग वाढवला तर तो दिशा बदलतो आणि शेपटी न दाखवताच खाली जातो. शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जास्त ठेवतात, कारण नाव हलते आणि शेपटीही. कॅमेऱ्याचा प्रकाश आपोआप ठरू दिला तर चकाकत्या पाण्यापुढे शेपटी नुसती काळी सावली होऊन बसते, म्हणून प्रकाश शेपटीच्या हिशेबानं ठरवतात. प्रत्येक फोटोसोबत वेळ, जीपीएस स्थान, कळपातली संख्या आणि पिल्लू आहे की नाही याची नोंद त्याच क्षणी होते. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदींत हमखास घोळ होतो.

मग जुळणी. आधी पांढऱ्या रंगाच्या प्रमाणावरून पाच गट करतात आणि मग गटाच्या आत कडा व वण तपासतात. आता हे काम संगणकही करतो. हॅपीव्हेल नावाच्या जागतिक संग्रहात पर्यटकांनी पाठवलेले फोटोही स्वयंचलित ओळखीतून जुळवले जातात. उत्तर पॅसिफिकमध्ये अशाच फोटोंवरून कळलं की २०१२ मध्ये तिथे ३३,००० हून अधिक हंपबॅक होते आणि २०२१ पर्यंत ते सुमारे २६,६०० वर आले. मधल्या काळात त्या समुद्रात उष्णतेची मोठी लाट येऊन गेली होती आणि खाणं घटलं होतं. शिकार थांबल्यावर दशकानुदशकं वाढत गेलेली संख्या अशी उलटी फिरू शकते, हे फोटो जुळवणाऱ्यांमुळेच कळलं.

थोड्या फोटोंवरून सगळ्यांची संख्या कशी काढतात, हे वर्गात करून बघण्यासारखं आहे. पाव किलो काबुली हरभरे एका पातेल्यात घ्या. साधे तपकिरी नकोत, त्यांवर खूण दिसत नाही. १०० हरभरे काढून त्यांवर शाईची पक्की खूण करा, वाळू द्या, परत टाका आणि चांगले कालवा. आता न बघता ८० काढा. त्यात समजा खूण असलेले १५ निघाले. १०० ला ८० नं गुणा, १५ नं भागा: ५३३. आकडे लहान असले की हे सूत्र थोडं जास्त दाखवतं, म्हणून संशोधक सुधारित सूत्र वापरतात: १०१ गुणिले ८१, भागिले १६, वजा १. उत्तर ५१० येतं. शेवटी सगळे हरभरे मोजा आणि अंदाज कितपत चुकला ते बघा.

खरं शिक्षण चुकीतूनच मिळतं. १५ ऐवजी १२ निघाले असते तर पहिल्या सूत्रानं उत्तर ६६७ आलं असतं, १८ निघाले असते तर ४४४. म्हणूनच ८२ या आकड्यासोबत ६० ते १११ ही मर्यादा सांगावीच लागते. ती न सांगता नुसता आकडा छापणं ही दिशाभूल आहे. मुद्दाम नीट न कालवता वरवरचेच हरभरे उचला. खुणेचे जास्त येतील आणि संख्या कमी दिसेल. एकाच खाडीत पुन्हा पुन्हा फोटो काढले की हेच होतं. काही हरभऱ्यांची खूण पुसून टाका, की संख्या फुगेल. एकाच देवमाशाचे दोन फोटो जुळले नाहीत आणि तो दोनदा धरला गेला, की असंच होतं. लहान वयात शेपटीची नक्षी बदलते आणि पिल्लं शेपटी क्वचितच वर काढतात, त्यामुळे पिल्लांची गणती याच रीतीनं करता येत नाही.

फोटोंना इतर पद्धतींची जोड असते. आडव्या धनुष्यातून सोडलेला पोकळ टोकाचा बाण कातडीचा आणि चरबीचा छोटा तुकडा घेऊन पाण्यावर तरंगतो. त्यातून लिंग, नातं आणि मादी गाभण आहे का हे कळतं. ड्रोनवरून लांबीरुंदी मोजली की देवमासा खंगलाय का ते दिसतं. पाण्याखालचे ध्वनिग्राहक गाणं टिपतात. गातात फक्त नर, आणि गोव्याजवळच्या उथळ समुद्रातही हंपबॅकचं गाणं ध्वनिमुद्रित झालं आहे. देवमाशाच्या अंगावर बसवलेल्या, उपग्रहाशी जोडलेल्या टॅगमुळे आणखी मोठी गोष्ट कळली. ओमानमध्ये २०१७ साली टॅग लावलेली 'लुबान' नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आली आणि दक्षिण टोकाकडे गेली. म्हणजे ओमानचे देवमासे ते आपलेही आहेत.

हा समूह इतका लहान का, याचं उत्तर शिकारीत आहे. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ दोनशेहून अधिक हंपबॅक मारले. ही शिकार बेकायदा होती आणि तिची खरी आकडेवारी १९९० च्या दशकात बाहेर आली. पुढे ज्याची संख्या ८२ धरली गेली, त्या समूहातून एका महिन्यात दोनशे गेले होते. मादी साधारण वर्षभर गाभण राहते, एका वेळी एकच पिल्लू देते आणि दोन वेतांमध्ये बहुधा दोन-तीन वर्षं जातात. मग भरपाई होणार कशी?

आता भाला नाही, जाळं आहे. ओमानमध्ये फोटो काढलेल्या हंपबॅकपैकी ३० ते ४० टक्क्यांच्या शेपटीच्या बुंध्यावर जाळ्यात अडकल्याच्या खुणा सापडल्या. दोर गुंडाळला की देवमासा तो महिनोन्‌महिने ओढत फिरतो. दोर मांसात रुततो, पोहायला जास्त ताकद लागते, खाणं कमी पडतं.

त्याची सुटका करण्याचं तंत्र अमेरिकेच्या सागरी अभयारण्यांत नीट बसवलेलं आहे. पहिला नियम: पाण्यात उतरायचं नाही. घाबरलेल्या देवमाशाची एक शेपटी माणसाचा जीव घेऊ शकते, आणि मदतीला गेलेली माणसं अशी मेलीही आहेत. लहान रबरी नावेतून जाऊन लोंबत्या दोराला मोठे तरंगे बांधतात, म्हणजे देवमासा थकतो आणि पृष्ठभागाजवळ राहतो. दिवस मावळला किंवा समुद्र खवळला तर दोराला उपग्रह-बोया लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठतात. मग लांब काठीच्या टोकाला बसवलेल्या, आतल्या बाजूनं धार असलेल्या आकड्यानं दोर कापतात. धार आत असल्यामुळे कातडीला इजा होत नाही. सगळ्यात मोठी चूक कोणती? दिसतोय तो लोंबता दोर कापून मोकळं होणं. शरीरात रुतलेली गाठ तशीच राहते, आणि पुढच्या पथकाला पकडायला काहीच उरत नाही. चांगल्या मनानं केलेल्या या कापाकापीनं देवमासा हातचा जातो.

महाराष्ट्रात २०१८ पासून वन खात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांची एक योजना आहे. जाळ्यात सापडलेला संरक्षित सागरी प्राणी सोडण्यासाठी मच्छीमारानं जाळं कापलं, तर फोटो किंवा व्हिडिओ दाखवून त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना फार मोलाची आहे असं आम्हाला वाटतं. ज्याचं पोट जाळ्यावर आहे त्याला नुसता उपदेश करून उपयोग नाही.

लोकांना सोबत घेण्याचा हवाई बेटांवरचा प्रयोग बघण्यासारखा आहे. तिथलं हंपबॅक अभयारण्य १९९२ चं. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या शेवटच्या शनिवारी स्वयंसेवक किनाऱ्यावरच्या ठरलेल्या जागी बसतात आणि सकाळी ८ पासून दर १५ मिनिटांच्या टप्प्यात किती देवमासे दिसले, त्यांनी काय केलं, ते लिहितात. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राणी मोजलेल्या सोलापूरकराला ही रीत परकी वाटणार नाही. दोन्हींची मर्यादाही तीच: यातून एकूण संख्या मिळत नाही. पण तीच जागा, तीच वेळ आणि तीच पद्धत वर्षानुवर्षं राखली तर चढउतार दिसतो. मध्येच जागा बदलली की आधीच्या नोंदी तुलनेतून बाद.

समुद्र न पाहिलेल्या मुलांना देवमाशाचा आकार समजावा म्हणून शाळेच्या मैदानावर फक्की टाकून तो काढा. १४ मीटरचा दोर ताणून मधली रेघ आखा. एसटीहूनही लांब भरेल. डोक्यापासून साधारण पाव अंतरावर दोन्ही बाजूंना साडेचार मीटरचे हात, म्हणजे पुढचे पर, काढा. हंपबॅकचे हात सगळ्या देवमाशांत लांब, शरीराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतके. मुलं ते नेहमी आखूड काढतात. शेपटीचा पंखाही सुमारे साडेचार मीटर रुंद घ्या. माशाची शेपटी उभी असते, देवमाशाची आडवी, हे इथेच दाखवून द्या. शेजारी सव्वाचार मीटरचं नवजात पिल्लू काढा.

सोलापूरची कुटुंबं सुट्टीत कोकणात जातातच, म्हणून किनाऱ्यावरची एक गोष्ट माहीत हवी. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू वाहून आलं होतं. पुष्कळ लोकांनी जिवाचं रान केलं, तरी ते वाचलं नाही. वाळूवर पडलेल्या देवमाशाचं स्वतःचं वजन त्याच्या फुप्फुसांवर येतं, आणि चरबीच्या थरामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. असा प्राणी दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. शेपटी किंवा हात धरून ओढू नका, सांधे निखळतात. अंगावर ओली चादर टाका, पण डोक्यावरचं नाकाचं भोक उघडं ठेवा आणि त्यात पाणी जाऊ देऊ नका. गर्दी आणि कुत्री लांब ठेवा. दोन श्वासांमध्ये किती वेळ जातो ते घड्याळ लावून लिहा, कारण येणाऱ्या पशुवैद्याला तेच आधी हवं असतं. प्राणी मेलेला असेल तर हात लावू नका, आतल्या वायूनं फुगलेलं शरीर फुटू शकतं. लांबून, एका बाजूनं, पूर्ण अंगाचा फोटो घ्या. आणि लांब हातांचा हंपबॅक असेल तर शेपटीच्या खालच्या बाजूचा एक फोटो नक्की घ्या. तो ओमानच्या संग्रहातल्या शेपट्यांशी जुळवून पाहता येतो.