मोरीतला कूड

शेजारच्या काकूंनी हाक मारली तेव्हा त्यांच्या मोरीत घोटाभर पाणी साचलेलं होतं. "पाहा ना भाऊ, पानी जायचं नावच नाई घेत. परवाच त बाटलीभर ॲसिड ओतलं!" जाळी उचकटली, सायकलच्या ब्रेकच्या जुन्या तारेला आकडा करून आत घातला, दोनदा फिरवला आणि ओढला. वीतभर लांबीचा, करडा, बुळबुळीत गोळा बाहेर आला. पाठोपाठ घळघळ आवाज झाला आणि पाणी गेलं. काकू नाक दाबून लांब सरकल्या. मी मात्र तो गोळा काडीनं फोडून पाहिला.

आत केसच केस होते आणि केसांवर पांढुरक्या लगद्याचा थर. जुन्या घरात तुराट्या उभ्या बांधून त्यावर शेणमाती लिंपलेला कूड असायचा ना, अगदी तसा. नुसत्या तुराट्यांतून वारा आरपार जातो, नुसती माती ढासळते. दोन्ही मिळून भिंत होते. मोरी तुंबते ती अशीच.

आधी तुराट्या पाहू. माणसाच्या डोक्यावरून रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. ते टक्कल पडायचं लक्षण नव्हे, केसांचा तो नेहमीचा क्रम आहे. घरात दोन बायांचे केस हातभर, म्हणजे ४५ सेंटिमीटर धरले आणि दोघींचे मिळून रोज १०० केस गळले, तर दिवसाला ४५ मीटर धागा झाला. महिन्याला साडेतेराशे मीटर. त्यातला दहावा भाग जरी मोरीत गेला, तरी सव्वाशे मीटरच्या वर.

पण धागा नुसता लांब असून भागत नाही, तो अडकावाही लागतो. एक लांब केस घ्या, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत आडवा धरा आणि बोटं मागेपुढे चोळा. केस एकाच दिशेला सरकत जाईल, मुळाच्या टोकाकडे. उलटा धरून चोळला तरी मुळाकडेच. कारण केसावर बारीक खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले, सगळ्यांची तोंडं शेंड्याकडे. डोक्यावर सगळे केस एका दिशेनं असतात म्हणून निभतं. मोरीत ते उलटसुलट पडतात, खवल्यांत खवले अडकतात आणि पाण्याच्या प्रत्येक हिसक्यानं गाठ आणखी आवळते. लोकरीची घोंगडी धुतल्यावर दाट होते, त्यामागेही हेच कारण.

आता शेणमाती. आपल्याकडच्या बऱ्याच विहिरी आणि बोअर काळ्या बेसाल्टच्या खडकात आहेत. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन पाणी' म्हणतात, घरात म्हणतात 'या पाण्यात डाळच शिजत नाही'. दोन बाटल्या घ्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं किंवा आरओचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाकून हलवा. पावसाच्या पाण्यात फेस उभा राहील, बोअरच्या पाण्यात नासल्यासारखे पांढरे कण दिसतील. साबणातली चरबीची आम्लं कॅल्शियमशी जुळली की पाण्यात न विरघळणारा लगदा होतो. बादलीच्या काठावरच्या पांढऱ्या थरात तोही असतो. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात पाणी खारट असल्यानं तिथंही साबण नीट फेसाळत नाही, मग माणूस तो दुप्पट चोळतो.

यात डोक्याचं तेल मिसळतं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. पौष महिन्यात सकाळी बाटलीतलं तेल घट्ट झालेलं असतं, तेव्हा पाइपातलं वेगळं कसं असेल?

काकूंच्या ॲसिडनं काय केलं? लगद्यातला कॅल्शियम त्यानं सोडवला असेल, पण चरबी तिथंच राहिली. केसाला धक्काही लागला नाही. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्याच्या साखळ्या गंधकाच्या टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या असतात. बाजारचं थंड ॲसिड ते टाके उसवू शकत नाही. फरशी मात्र खाल्ली, कारण शहाबादी म्हणजे चुनखडकच. कॉस्टिक सोडा केस खरोखर विरघळवतो, केस काढायच्या मलमातही अल्कलीच्या साथीनं हे टाकेच तोडले जातात. पण कॉस्टिक पाण्यात पडताच उकळल्यागत तापतो आणि एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. माझ्या घरात मी तो आणत नाही. आणि ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ॲसिडसोबत कधीही ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर फसफसून एकमेकांनाच मारतात. मोरीत उरतं ते नुसतं क्षाराचं पाणी.

म्हणून तुराटी ओढायची, माती आपोआप सुटते. खोक्याला बांधलेली प्लॅस्टिकची पॅकिंग पट्टी घ्या, ब्लेडनं दोन्ही कडांना तिरपे काप द्या, काट्यांची टोकं हातातल्या बाजूला वळलेली ठेवा. पट्टी खाली जाताना सरळ जाते, वर येताना केस धरून येते. मग एक गंज, म्हणजे पातेलंभर, गरम पाणी ओता. उकळतं नको, पीव्हीसीचा पाइप ८० अंशांच्या आसपास नरम पडतो. तांब्या-तांब्यानं अंघोळ करताना पाइपात पाण्याला जोर नसतो, म्हणून आठवड्यातून एकदा भरलेली बादली एकदम लोटावी.

जाळीखालची वाटी मात्र काढून फेकू नका. प्लंबर तिला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, नावात आपली न्हाणीच आहे. वाटीभोवती साचलेलं पाणी नालीचा वास आणि झुरळं अडवतं. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं १७७५ साली संडासाच्या वाकड्या नळीचं पेटंट घेतलं, युक्ती तीच. उन्हाळ्यात घर बंद ठेवलं की हे पाणी उडून जातं; परत आल्यावर आधी तांब्याभर पाणी ओतायचं.

अंघोळीआधी कोरडे केस विंचरले तर गळायला आलेले बरेचसे फणीतच येतात. काकूंच्या आईच्या काळापासून तो गुंता भिंतीतल्या खुंटीवरच्या पिशवीत जमतो आणि केसांवर भांडी देणारा आला की त्याच्या तराजूत पडतो. पुढे विगच्या कारखान्यांत अशा उलटसुलट केसांवरचे खवले रसायनांनी उतरवतात, म्हणजे ते पुन्हा गुंतत नाहीत. आकड्याला लागलेला तो गोळा मी गमतीनं काकूंपुढे धरला आणि म्हटलं, "हा पन ठेवा पिशवीत." त्यांनी केरसुणीच उचलली.