अंबाडा कुणाच्या सांगण्यावरून?

1981 साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने रेनी रॉजर्स या कृष्णवर्णीय महिलेचा अमेरिकन एअरलाइन्सविरुद्धचा दावा फेटाळला. रॉजर्स कॉर्नरो, म्हणजे डोक्यालगत घट्ट विणत नेलेल्या बारीक वेण्या घालून कामावर येत आणि कंपनीच्या नियमात ते बसत नव्हते. कंपनीने काढलेली तोड मजेशीर होती. वेण्या हव्या तर ठेवा, पण ड्युटीवर त्यांचा अंबाडा घाला आणि वरून गंगावन गुंडाळा. गंगावनाने डोकं भयंकर दुखतं, असं रॉजर्स यांनी सांगितलं. मग मोठ्या मापाचं घ्या, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं! शिवाय 1979 च्या एका चित्रपटात गोऱ्या अभिनेत्रीने अशाच वेण्या घातल्या होत्या, त्यानंतर लवकरच रॉजर्स या वेण्यांत कामावर दिसू लागल्या, याचीही निकालाने नोंद घेतली. जणू कॉर्नरो हॉलिवूडमध्येच जन्माला आल्या.

प्रत्यक्षात केस विणून वर नेण्याची रीत पश्चिम आफ्रिकेत फार जुनी आहे. नायजेरियातल्या योरुबा स्त्रियांच्या 'शुकू' प्रकारात चारी बाजूंच्या वेण्या टाळूकडे चढवून तिथे बांधतात. दुसऱ्या एका पद्धतीत एकेका बटेला काळा दोरा गुंडाळून ती ताठ करायची आणि अशा बटा वाकवून, एकमेकींत अडकवून डोक्यावर अक्षरशः इमारत उभी करायची. जे. डी. ओखाई ओजेइकेरे या नायजेरियन छायाचित्रकाराने 1968 पासून अशा केशरचनांची शेकडो छायाचित्रं काढली. त्यातली बरीचशी मागून टिपलेली आहेत. चेहरा नाही, फक्त मान आणि वरची रचना. कारागिरी बघायची तर तीच बाजू बघायला हवी.

यामागे नटण्याइतकीच सोयही आहे. अतिकुरळा केस स्प्रिंगसारखा वळतो. टाळूचं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत पोहोचत नाही आणि प्रत्येक वळणावर केस तुटायला जागा मिळते. टोकं सगळ्यांत जुनी, कोरडी. ती कॉलरवर घासली की तुटतात. म्हणून केस ओलसर करून, क्रीम किंवा शिया बटर लावून, पीळ घालून वर बांधायचे आणि टोकं आत दडवायची. रात्री सॅटिनचा रुमाल किंवा टोपी, कारण सुती उशी ओलावा शोषून घेते.

अमेरिकेतल्या गुलामगिरीत ही निगा बहुतेक रविवारवर आली. आठवडाभर केसांना दोरा गुंडाळून वर फडकं बांधायचं आणि रविवारी सोडायचं, अशा आठवणी गुलामगिरी भोगलेल्यांनी सांगितल्या आहेत. लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना, 1786 मध्ये, गव्हर्नर एस्तेबान मिरो याने तर फर्मानच काढलं. गुलाम नसलेल्या कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांनी केसांत पिसं, दागिने घालायचे नाहीत. केस रुमालाने बांधायचे. त्यांच्या केशरचना डोळ्यांत भरत होत्या, हेच दुखणं. बायकांनी रुमाल बांधले, पण असे झोकदार की तीच फॅशन झाली. त्यात आपल्या मद्रासहून जाणारं चौकड्यांचं कापडही असे.

गुलामगिरी संपल्यावर शतकभर कल केस सरळ करण्याकडे राहिला: आधी तापवलेली फणी, मग रसायनं. ॲनी टर्नबो मलोन आणि मॅडम सी. जे. वॉकर या कृष्णवर्णीय उद्योजिकांनी केसांच्या उत्पादनांवर मोठे उद्योग उभे केले. केस सरळ करण्याचं सगळं खापर वॉकर यांच्यावर फुटतं. त्यांचा भर टाळूच्या निगेवर होता, हे सोयीने विसरलं जातं. 1960 च्या दशकात ॲफ्रोने, म्हणजे मूळ कुरळे केस गोल फुलवून ठेवण्याच्या पद्धतीने, केस मोकळे केले. गेल्या वीसेक वर्षांत रसायनं सोडून मूळ केसांकडे वळण्याची लाट आली, तेव्हा वर बांधणं पुन्हा घराघरांत आलं, 'प्रोटेक्टिव्ह स्टाइल', म्हणजे केस जपणारी रचना, या नावाने.

हे नाव जरा फसवं आहे. अंबाडा घट्ट ओढला तर कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस मुळापासून सैल होतात. वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर परत येत नाहीत. ताणामुळे होणाऱ्या या केसगळतीची नोंद 1907 मध्ये ग्रीनलंडमधल्या, केस घट्ट वर बांधणाऱ्या बायकांवरून झाली होती. तेव्हा दोष कुरळेपणाचा नाही, ओढण्याचा. दुखलं की सैल करायचं आणि दर खेपेला भांगाची जागा बदलायची.

कायदा मात्र उशिरा हलला. अमेरिकी लष्कराने केसांच्या नियमांतले 'मॅटेड' (गुंता झालेले) आणि 'अनकेम्प्ट' (विस्कटलेले) हे शब्द 2014 मध्ये वगळले. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने क्राउन कायदा करून केसांचा पोत आणि वेण्या, पीळ, लॉक्स (जटांसारखे वळलेले केस) यांवरून होणारा भेदभाव बेकायदा ठरवला. 1 सप्टेंबर 2023 पासून टेक्ससमध्येही तसा कायदा आला. त्याच सुमारास ह्यूस्टनजवळच्या एका शाळेने लॉक्स डोक्यावर बांधून येणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढलं. केस सोडले तर ते मुलग्यांसाठी ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त भरतील, हे कारण. कायद्यात लांबीचा उल्लेख नव्हता. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला.