ऑक्सिडाइज्ड एलडीएल आणि प्लेटलेटमधलं कॅल्शियम: पार्श्वभूमी

बडोद्यात दांडिया बाजारातून किंवा रावपुऱ्यातून लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आणला, की त्यावर एलडीएलचा, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांचा, आकडा असतो. त्यातले किती कण ऑक्सिडाइज्ड, म्हणजे तेलासारखे खवट झालेले, ते त्यावर नसतं. प्लेटलेटला, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या सूक्ष्म पेशींना, मात्र हा फरक कळतो.

प्लेटलेटचं गुठळीतलं काम इटालियन डॉक्टर बिझोझेरोने १८८२ मध्ये दाखवलं. त्या एकमेकींना चिकटताना मोजण्याचं यंत्र संशोधक बॉर्नने १९६२ मध्ये दिलं. पण चिकटण्याआधी आत काय होतं, ते कळायला रसायनशास्त्रज्ञ त्सीनचे, कॅल्शियमला चिकटून चमकणारे डाय (रंगद्रव्यं) यावे लागले: १९८२ मध्ये क्विन-२, १९८५ मध्ये फ्युरा-२. शांत प्लेटलेटमध्ये मुक्त कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असतं. बाहेर प्लाझ्मात सुमारे १.२ मिलिमोलर, म्हणजे दहा हजार पटींहून जास्त. एवढा उतार टिकवायला दोन पंप अखंड चालू असतात. एक कॅल्शियम आतल्या नळ्यांत साठवतो, दुसरा पेशीबाहेर फेकतो.

खवट एलडीएलची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. १९७९ मध्ये गोल्डस्टीन आणि ब्राऊन यांना दिसलं, की मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) साधं एलडीएल फारसं गिळत नाहीत, रासायनिक बदल केलेलं भराभर गिळतात. शरीरात तो बदल ऑक्सिडेशनने होऊ शकतो, हे स्टाइनबर्ग यांच्या गटाने पुढे आणलं. १९९३ मध्ये सीडी३६ हा त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारा पेशीवरचा रेणू, ठरला, आणि तो प्लेटलेटवरही भरपूर असतो. २००७ मध्ये या रिसेप्टरमार्फत प्लेटलेट जास्त चिडखोर होतात, हे दिसलं. आत साठ्यातलं कॅल्शियम सुटतं. शिवाय बाहेर फेकणारा पंप ऑक्सिडाइज्ड एलडीएलने मंदावतो, असं १९९०च्या दशकातल्या प्रयोगांत आढळलं. नळ उघडा आणि मोरी तुंबलेली, अशी ही अवस्था.

जुने निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचं मोठं कारण नमुन्यांच्या तयारीत आहे. एलडीएल वेगळं करताना ते खराब होऊ नये म्हणून ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन) घालतात. कॉपर सल्फेटने ऑक्सिडाइज करण्याआधी तो डायलिसिसने पूर्ण काढावा लागतो. राहिला तर तांब्याला धरून ठेवतो आणि ऑक्सिडेशन अडतं. पुढे प्लेटलेटभोवतीचं कॅल्शियमही बांधतो. किती तास ऑक्सिडाइज केलं त्यावरही परिणाम बदलतो, म्हणून तास न लिहिलेला प्रयोग आम्ही धरत नाही.

प्रयोगासाठी रक्त ३.२ टक्के सायट्रेटमध्ये (ते गोठू देत नाही), एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त या प्रमाणात घ्यावं. पहिले काही मिलिलिटर टाकून द्यावेत, नंतर सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट जोराने) १० ते १५ मिनिटं फिरवावं. फ्रिज नको: गारव्यानेच प्लेटलेट जाग्या होतात. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा नमुना बर्फात टाकण्याचा मोह टाळून २२ ते २४ अंशांवरच ठेवावा. रक्तदात्याने आधीचे दहा दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी.

सर्वांत फसवी चूक डायची. फ्युरा-२ हळूहळू बाहेर झिरपतो, ऑक्सिडाइज्ड एलडीएलने पेशीचं पटल दुखावलं तर जास्तच. बाहेरचं कॅल्शियम भेटताच तो चमकतो आणि आत कॅल्शियम वाढल्याचा भास होतो. मँगॅनीज टाकून बाहेरच्या डायची चमक विझवली, की यातली किती वाढ खरी ते लगेच समजतं.