एका फ्लॅशवरचे व्यक्तिचित्रण

एका फ्लॅशवरचे व्यक्तिचित्रण : कॅमेऱ्यापासून अलग ठेवलेल्या एकाच फ्लॅशगनने चेहरा उजळून घरातल्या घरात व्यक्तिचित्र टिपण्याची पद्धत. स्टुडिओत मुख्य दिवा, सावली भरणारा दिवा, केसांवरचा आणि पार्श्वभूमीवरचा दिवा असा सगळा लवाजमा असतो. घरी दिवा एकच, आणि उरलेले काम भिंतींकडून करून घ्यावे लागते. भिंती ते न सांगताही करतात. घरी काढलेले बरेचसे फोटो फसतात ते त्यामुळेच.

क्षणभराचा कृत्रिम प्रकाश छायाचित्रणात आला तो पुडीच्या रूपाने. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड वापरात आणली; ती पेटवली की उजेडामागोमाग धूर. १९२९-३० च्या सुमारास एकदाच जळणारे काचेचे फ्लॅशबल्ब आले आणि १९३० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायूने भरलेल्या नळीचा विजेरी फ्लॅश विकसित केला. आजची चार पेन्सिल सेलवर चालणारी फ्लॅशगन त्याच वंशातली. तिच्या नळीत झेनॉन वायू असतो.

फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर असला की प्रकाश भिंगाच्याच दिशेने जातो. नाकाची, गालफडांची सावली चेहऱ्यामागे लपते आणि माणूस पासपोर्टच्या फोटोसारखा सपाट दिसतो. डोळ्यांतून रक्तवाहिन्यांचा लाल रंग परत येतो तोही याच कारणाने. फ्लॅश स्टँडवर चढवून बिनतारी ट्रिगरने उडवला की निम्मे काम झाले. मग त्याची जागा : साधारणपणे चेहऱ्याच्या ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांपेक्षा थोडा वर. अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटला, तर त्या रचनेला डच चित्रकार रेम्ब्रांटचे नाव देतात.

प्रकाश मऊ की कडक हे दिव्याच्या ताकदीवर ठरत नाही. चेहऱ्याच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो यावर ठरते. उघड्या फ्लॅशचे तोंड जेमतेम चार बोटांचे, म्हणून सावलीची कडा सुरीने कापल्यासारखी येते. तोच फ्लॅश एक मीटर रुंदीच्या पांढऱ्या छत्रीतून सोडला आणि छत्री चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आणली, की सावली हळूहळू विरते. छत्री महाग नसते. मात्र ती लावण्याआधी पंखा बंद करावा आणि स्टँडला भरलेली पाण्याची बाटली टांगावी.

अंतराचा दुसरा परिणाम पार्श्वभूमीवर होतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. छत्री चेहऱ्यापासून १ मीटर आणि मागची भिंत छत्रीपासून ३ मीटर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या एक नवमांश, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा जास्तच कमी प्रकाश मिळतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). पांढरी भिंतसुद्धा गडद करडी दिसते. छत्री मागे सरकवून हीच अंतरे २ आणि ४ मीटर केली की भिंतीला एक चतुर्थांश मिळतो आणि ती पुन्हा उजळते. एका दिव्यावर पार्श्वभूमीचा रंग बदलायचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

सुरुवात फ्लॅश बंद ठेवून करावी. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) १/२०० सेकंद, अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ ५.६ ठेवले की घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात फोटो जवळजवळ काळा येतो. तो काळाच यायला हवा. मग फोटोत जे दिसेल ते फक्त फ्लॅशचे. आता फ्लॅश मॅन्युअलवर ठेवून पूर्ण ताकदीच्या १/१६ पासून वाढवत न्यावे. फ्लॅशचा लोळ शटरपेक्षा पुष्कळ आखूड असल्याने शटर बदलून चेहऱ्याचा उजेड बदलत नाही, फक्त खोलीचा बदलतो. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेल्यास फोटोच्या एका कडेला शटरच्या पडद्याची काळी पट्टी येते.

आता भिंती. दहा बाय बाराच्या खोलीत छत्रीतून निसटलेला प्रकाश चारी बाजूंनी आपटून परत येतो आणि हवी असलेली सावली भरून टाकतो. भिंत पिस्ता रंगाची असेल तर सावलीतला गाल हिरवट होतो. तो नंतर संगणकावर सुधारायला जावे, तर उजळ गाल गुलाबी पडतो. अशा वेळी सावलीच्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर काळी शाल टाकावी. सावली फारच काळी पडली तर तिथेच पांढरे कार्डशीट धरावे. दुसरा फ्लॅश विकत घेण्याआधी शाल आणि कार्डशीट वापरून पाहावीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एका दिव्यात चेहरा किती बोलू शकतो याचा दाखला चित्रकलेत आहे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळांना ते रविवर्म्याचे वाटते. चित्रात दिवा एकच, पण ज्योतीवर आडवा धरलेला हात उजेड अडवतो आणि बोटांच्या कडा तांबूस पेटतात. छायाचित्रकार शाल टांगून करतो तेच काम तो हात करतो.

चेहऱ्यागणिक अडचणी बदलतात. चष्म्याच्या काचेत छत्री दिसू लागली तर दिवा वर न्यावा, किंवा काड्या कानावरून किंचित उचलाव्यात म्हणजे काचा खाली झुकतात. दिवा फार वर असला की नथीची सावली ओठावर पडून मिशीसारखी दिसते. तो थोडा खाली घ्यावा किंवा मान वळवावी. पैठणीची जर मऊ प्रकाशात विझते, तिला कडक दिवाच शोभतो. तेव्हा कपाळ आधी टिपून घ्यावे, कारण घाम जरीइतकाच चमकतो.

स्टँड नसल्यास फ्लॅश छताकडे वळवून उडवतात. प्रकाश मऊ येतो, पण वरून येत असल्याने डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. फ्लॅश छताऐवजी बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवला तर तीच भिंत मोठ्या खिडकीसारखी वागते.